एकच लक्षण, दोन बिघाड : पावसाळ्यात दगा देणाऱ्या एका मोटरसायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमच्या राइडिंग ग्रुपमध्ये नऊ गाड्या आहेत. बहुतेक जण विक्रोळी, कांजूर, भांडुप या पट्ट्यातले, नोकरी करणारे. महिन्यातून एका रविवारी पहाटे निघायचं, दुपारचं जेवण बाहेर आणि शक्यतो अंधार पडायच्या आत घरी, असा शिरस्ता. ज्याच्या गाडीची ही हकिकत आहे तो आमच्यात वयाने सगळ्यात लहान, म्हणून सगळे त्याला छोट्या म्हणतात. इथेही तेच नाव ठेवतो. त्याला विचारूनच लिहितोय. ओळख पटेल असं जे होतं ते गाळलंय, पण मीटरवरचे आकडे आणि खर्च जसेच्या तसे ठेवलेत.

गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेली. बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष), फ्युएल इंजेक्शन आणि किक नाही. हे किक नसणं लक्षात ठेवा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीची बॅटरी बसली तर किक मारून, नाहीतर दोघांनी धक्का देऊन माणूस घरी पोचायचा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस ६ झाल्या. आता इंजिनात पेट्रोल जातं ते इलेक्ट्रिक पंपाने आणि किती सोडायचं ते ठरवतो छोटा कॉम्प्युटर. या दोघांना पुरेसं व्होल्टेज मिळालं नाही तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. त्यात एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करायला बटणच नसतं. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीची झाली. खाणारी तोंडं अशी वाढत गेली, आणि छोट्याच्या गाडीत बॅटरी होती १२ व्होल्ट ८ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे एक अँपिअर आठ तास पुरेल एवढी).

त्याचा रोजचा रस्ता विक्रोळी ते लोअर परळ. ईस्टर्न फ्रीवे दुचाकींना बंद, त्यामुळे सायन, दादर, परळ असंच जावं लागतं. सायनपर्यंत गाडी पळते. तिथून पुढे संध्याकाळच्या वेळी पाऊण तास फर्स्ट गिअर, न्यूट्रल, फर्स्ट गिअर.

काय बसवलं आणि कसं

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात ईस्टर्न एक्स्प्रेसवर रात्री पाण्याखालचा खड्डा दिसला नव्हता आणि पुढची रिम वाकली होती. त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये छोट्याने फॉग लाइटची जोडी घेतली ती हौस म्हणून नव्हे. प्रत्येकी ३६ वॅटचे दोन लाइट ३,२०० रुपयांना, मोठ्या आवाजाचा हॉर्न १,१००, हँडलवरचा मोबाइल चार्जर ६५० आणि मजुरी ६००. सगळे मिळून ५,५५० रुपये.

या प्रकरणातला पहिला निर्णय त्या दुकानात झाला, आणि झाला तेव्हा तो निर्णय आहे असं कुणाला वाटलंही नाही. फिटिंग करणाऱ्या मुलाने विचारलं, "दादा, रिले टाकू का? चारशे जास्त होतील, अर्धा तास थांबावं लागेल." छोट्याला ऑफिस गाठायचं होतं. तो म्हणाला, "राहू दे, असंच जोड."

रिले म्हणजे एक लहानसा खटका. हँडलवरच्या बटणाने फक्त हा खटका ओढायचा आणि लाइटचा जाडजूड करंट बॅटरीतून वेगळ्या वायरने, वेगळ्या फ्यूजमधून न्यायचा. गाडीच्या मूळ वायरिंगवर त्याचा भार येत नाही. रिले नको म्हटल्यावर त्या मुलाने टाकी उचलली, हँडलच्या मानेजवळून इग्निशन स्विचकडून फ्यूज बॉक्सला जाणारी मुख्य वायर पकडली, ब्लेडने तिची साल काढली, लाइटची वायर तिच्याभोवती पिळली आणि वर काळी टेप गुंडाळली. चार्जर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. पाऊण तासात काम उरकलं. लाइट लागले, हॉर्न वाजला, छोट्या खूश होऊन निघाला.

पहिला बिघाड

जूनमध्ये पाऊस सुरू झाला तशी संध्याकाळी निघाल्यापासून फॉग लाइट लावायची सवय लागली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी सेल्फ मारला तर नुसतं कट-कट-कट. शेजारच्याच्या गाडीवरून जंप दिल्यावर, म्हणजे त्याच्या बॅटरीला केबल जोडल्यावर, सुरू झाली. बॅटरीच्या दुकानात विचारलं, किती वर्षं झाली? तीन. मग गेली बॅटरी. नवीन टाकली, १,९०० रुपये.

त्या वेळी तीन वाटा होत्या. नवी बॅटरी हा एक. चार्जिंग किती येतंय आणि गाडी बंद असताना करंट कुठे झिरपतोय का, हे मोजणं हा दुसरा. आणि लावलेल्या वस्तू आठवडाभर काढून ठेवून फरक पडतो का ते पाहणं हा तिसरा, फुकटातला. निवडली ती पैसे देऊन लगेच मोकळं करणारी वाट. सकाळी नऊला लोअर परळ गाठायचं असलेला माणूस हेच करणार, त्यात त्याला दोष देत नाही.

पण पुढे आम्ही क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारं यंत्र) लावून मोजलं तेव्हा जूनमध्ये काय झालं होतं ते स्वच्छ दिसलं. इंजिन चालू, काहीही जास्तीचं न लावता, गाडी स्वतःच सुमारे ९ अँपिअर खाते : हेडलाइट, पंप, इग्निशन, टेल लाइट. आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, तिची कॉइल (इंजिनाच्या फिरण्यातून वीज करणारा भाग) देते साधारण तेवढंच. जमाखर्च जेमतेम जुळतो. चढ्या आरपीएमला कॉइल पुष्कळ देते, पण दादरच्या सिग्नलला चढे आरपीएम कुठून येणार? फॉग लाइटचे जवळपास ६ अँपिअर लावले की ते सगळे बॅटरीतून जातात. चाळीस मिनिटं असं रांगलं की ४ एएच गेले, म्हणजे अर्धी बॅटरी. घरी परतताना सायननंतर हायवेवर थोडी भर पडायची, तीही पूर्ण नाही. वर चार्जर थेट बॅटरीवर असल्याने मोबाइल लावलेला नसतानाही ३८ मिलिअँपिअर ओढत होता. आकडा किरकोळ वाटतो, पण शनिवार-रविवार गाडी उभी राहिली की त्यातच पावणेदोन एएच गेले. म्हणून सोमवारी सकाळ.

नवी बॅटरी टाकून हा हिशेब बदलला नव्हता. फक्त भांडं नवं आलं, गळती तीच.

दुसरा बिघाड

८ जुलै २०२४ ची पहाट मुंबईकर विसरलेले नाहीत. सहा तासांत शहराच्या काही भागांत ३०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, लोकल ठप्प झाल्या. छोट्याची गाडी बिल्डिंगखाली उघड्यावरच उभी होती. त्या दिवशी कुणीच कुठे गेलं नाही. मंगळवारी सकाळी पुन्हा तेच कट-कट-कट, मीटरचा दिवा फिका, एबीएसचा दिवा लुकलुकतोय. बॅटरी तीन आठवड्यांची.

इथून खरी फसगत सुरू झाली. लक्षण हुबेहूब जूनसारखं होतं, कारण मात्र वेगळं. आम्ही सगळ्यांनी ते एकच दुखणं धरलं.

जंप द्यायला शेजारी आला, गाडी जरा पुढे ओढली, हँडल सरळ केलं, केबल लावली आणि गाडी एका दमात सुरू झाली. "बघ, बॅटरीच चार्ज होत नाहीये," असं ठरलं. हँडल सरळ केल्यामुळे ती सुरू झाली असेल, हे त्या घडीला कुणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

मग दोन ठिकाणी विचारणा झाली. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सांगितलं, कॉइल आणि आरआर युनिट दोन्ही बदलून टाकू, साडेसहा-सात हजार जातील, गाडी चार दिवस ठेवा. नाक्यावरच्या गॅरेजमधले मेस्त्री म्हणाले, आधी आरआर युनिट टाकून बघू. आरआर म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, कॉइलमधून येणारा करंट बॅटरीला पचेल असा करून देणारा डबा. छोट्याने १,४५० रुपयांत ते टाकून घेतलं. नवं बसवल्यावर मेस्त्रींनी मीटर लावला : १४.१ व्होल्ट. उत्तम. गाडी सुरू, सगळे समाधानी.

जुनं युनिट काढण्याआधी किती व्होल्ट येत होते, हे मात्र कुणी मोजलं नव्हतं. १४.१ हा आकडा नव्या डब्याने आणला की तो आधीपासूनच होता, हे कळायला मार्गच उरला नाही. मला विचाराल तर हा या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला क्षण. अपघात नंतर झाला, पण तो टाळायची सोपी संधी इथे होती. दोन मिनिटांचं मोजमाप झालं असतं तर चार्जिंग ठीक आहे, दुखणं दुसरीकडे आहे, हे ९ जुलैलाच कळलं असतं.

जायचं की नाही

२८ जुलैला, रविवारी, आमची इगतपुरीची राइड ठरली होती. ठाणे, भिवंडी बायपास, शहापूर, कसारा घाट. आदल्या रात्री छोट्याने मला फोन केला. "दादा, पार्किंगमध्ये गाडी वळवताना हँडल डावीकडे पूर्ण नेलं की मीटरचा दिवा मंद होतो. सरळ केलं की ठीक. उद्या काढू का गाडी?"

माझ्यापुढे तीन उत्तरं होती. गाडी घरी ठेव आणि माझ्या मागे बस. सकाळी तासभर आधी ये, टाकी उचलून बघू. किंवा, ये, काय होतंय ते बघू. मी तिसरं दिलं. नवी बॅटरी आहे, नवं आरआर आहे, आता काय व्हायचंय, असं मनात होतं. नऊ जणांत सगळ्यात जास्त किलोमीटर माझे. माझा शब्द त्याच्यासाठी वजनदार होता आणि तो मी न तपासता दिला.

हँडल वळवल्यावर दिवा मंद होतो, याचा अर्थ हँडलबरोबर हलणाऱ्या वायरिंगमध्ये कुठेतरी जोड कच्चा आहे. याला दुसरा अर्थ नाही. बॅटरी हलत नाही, कॉइल हलत नाही, आरआर हलत नाही. इतकं स्पष्ट लक्षण हातात असताना आम्ही घाटात गेलो.

अपघात

जाताना काही झालं नाही. परतताना शहापूरला चहाला थांबलो तिथेच उशीर झाला आणि मुलुंड गाठेपर्यंत पावणेआठ वाजले. पाऊस संततधार. मी शेवटच्या गाडीवर होतो, छोट्या माझ्या पुढे साधारण सत्तर-ऐंशी फुटांवर, त्याचे फॉग लाइट लावलेले.

भांडुप पंपिंग स्टेशनच्या अलीकडे त्याने डाव्या लेनमध्ये यायला इंडिकेटर दिला, ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी त्याची गाडी माझ्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली. नाहीशी म्हणजे खरंच तशी. टेल लाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हेडलाइट, सगळं एकदम गेलं. इंजिन गेलं, हॉर्नही गेला. काळं रेनकोट घातलेला माणूस, काळी गाडी, काळा रस्ता. वेग कमी होत होता आणि मागून येणाऱ्या गाड्यांच्या लेखी तिथे कुणी नव्हतंच. मी हॉर्न दाबून धरला आणि त्याच्या मागे आडवा व्हायला निघालो, पण उजवीकडून एक टेम्पो आधी पोचला. त्याने शेवटच्या क्षणी स्टिअरिंग कापलं. कडेचा आरसा छोट्याच्या उजव्या दांडीला लागला आणि गाडी डावीकडे आडवी झाली.

हेल्मेट आणि जॅकेट होतं म्हणून निभावलं. डाव्या मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर. टेम्पोवाला थांबला होता. तो माणूस थरथरत होता, पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "भाऊ, आईशप्पथ, तुम्ही दिसलाच नाहीत." तो खरं बोलत होता. आमच्यात रिफ्लेक्टर जॅकेट दोघांकडेच होती, तीही त्या दिवशी डिकीत.

आम्ही तिघांनी आधी गाड्या मागे लावून हॅझर्ड सुरू केले, मग छोट्याला कठड्याच्या पलीकडे नेलं, मग गाडी उचलली. हा क्रम बरोबर जमला, आणि तो मी मुद्दाम नोंदवतोय. अशा वेळी हात आधी गाडीकडे जातात.

मोजमाप

गाडी टेम्पोत घालून घरी आणली, १,२०० रुपये. पुढच्या रविवारी टाकी उचलली तेव्हा आमच्यात छोट्याचे वडील होते. काका बेस्टच्या डेपोत बसच्या वायरिंगचं काम करून निवृत्त झालेत. महिनाभर घरात बॅटरी, आरआर, कॉइल ही चर्चा ते ऐकत होते, पण मुलाने विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. त्या दिवशी खुर्ची घेऊन खाली आले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "बॅटरीत किती आहे ते सगळे सांगताय. फ्यूज बॉक्सपर्यंत किती पोचतंय?"

कुणालाच माहीत नव्हतं. लॅमिंग्टन रोडवरून साडेचारशेला आणलेला मल्टिमीटर होता. बॅटरीवर १२.७ व्होल्ट. बॅटरी अगदी ठणठणीत. फ्यूज बॉक्सवर शून्य. वायर आतून तुटलेलीच होती. काकांनी मानेजवळची टेप बोटांनी चाचपली, ती चिकट, लिबलिबीत झाली होती, डिंक सुटून पाणी आत शिरलेलं. ब्लेडने ती उभी चिरली. आत तांबं कुठे दिसतच नव्हतं. हिरवट-काळी भुकटी, आणि मूळ वायरच्या टोकाला वितळून गोळा झालेल्या तारा. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वायर डोळ्यांजवळ नेली आणि सुईने तारा वेगळ्या करत मोजल्या. जळालेल्या बाजूला ठेवल्या तर साल काढताना ब्लेडने कापल्या गेलेल्या तारांची टोकं सरळ, स्वच्छ होती. तीसेक तारांपैकी सातच ब्लेडमधून वाचल्या होत्या. एप्रिलपासून अख्ख्या गाडीचा करंट त्या सात तारांतून चालला होता.

काकांनी तात्पुरता जोड मारला, तारा होत्या तेवढ्याच पकडून, आणि इग्निशन चालू करून फॉग लाइट लावायला सांगितलं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरं फ्यूज बॉक्सवर. निरोगी गाडीत इथे पाव व्होल्टच्या आत फरक असतो. आमच्या मीटरने १.९ दाखवला. हँडल डावीकडे वळवलं तर ३.४.

सुमारे ११ अँपिअर वाहत असताना १.९ व्होल्ट वाटेत खाल्ले जातात, म्हणजे त्या एका जोडात २० वॅट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंग आयर्न एवढ्यावर चालतं. काकांनी छोट्याचा चांगला हात धरला आणि बोट त्या जोडाजवळ नेलं. "लागतंय ना गरम? हे तुझ्या टाकीखाली होतं बाळा, पेट्रोलच्या टाकीखाली." छोट्या काही बोलला नाही. आम्हीही नाही.

आता जुलैचं कोडं सुटलं. आरआरची वायर थेट बॅटरीला जाते, त्यामुळे बॅटरीवर मोजलं की १४.१ दिसणारच. पंप, कॉम्प्युटर, एबीएस आणि सेल्फचा रिले यांना मात्र करंट मिळतो तो त्या मुख्य वायरमधून, आणि तिथे पोचत होते दहा-अकरा. सेल्फचा रिले अर्धवट ओढून सोडायचा, म्हणून कट-कट, अगदी उतरलेल्या बॅटरीसारखं. छोट्या रात्री हँडल लॉक लावतो, लॉक डावीकडे. सकाळी साइड स्टँडवर, हँडल डावीकडेच ठेवून सेल्फ मारायची त्याची सवय. आणि अपघाताच्या वेळी पाऊस, फॉग लाइट, त्यात इंडिकेटर आणि ब्रेक लाइटचा भार एकदम पडला, उरल्यासुरल्या तारा वितळल्या.

दुरुस्तीचे पर्याय

पूर्ण नवं वायरिंग हा पहिला पर्याय, आठ-नऊ हजारांचा. त्यात जुन्या पापांचा हिशेब संपतो, पण लाइट पुन्हा तसेच जोडले तर काय उपयोग? सगळ्या वस्तू कायमच्या काढणं हा दुसरा. त्याला मी आणि काका दोघेही तयार होतो, छोट्या नव्हता, आणि त्याचं म्हणणं खोटं नव्हतं : पावसात तो रस्ता त्याला रोज करायचाय, लाइटची गरज खरी आहे. तिसरा, खराब झालेला तुकडाच बदलायचा आणि लाइटला स्वतंत्र लाइन द्यायची. आम्ही तिसरा घेतला, एका अटीवर की शेवटी पुन्हा मोजायचं आणि पाव व्होल्टच्या वर फरक आला तर नवं वायरिंग.

मूळ वायरचा चार इंच तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवी वायर टाकली. जोड पान्याने दाबायच्या स्लीव्हचे, वर गरम करून आवळणारी नळी. सोल्डर करू या, असं मी म्हणालो होतो. काकांनी नको म्हटलं. सोल्डर वायरमध्ये चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि हादऱ्याने त्याच्या कडेला तारा तुटतात. बसमध्ये त्यांनी हे वर्षानुवर्षं पाहिलेलं. दोन्ही जोड हँडलबरोबर वाकणाऱ्या भागापासून लांब, सरळ जागी घेतले.

लाइटसाठी बॅटरीपासून नवी वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज, मग रिले. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजकडून आलेली वायर, ८७ ला लाइट, ८५ ला अर्थ, ८६ ला हँडलच्या बटणातून येणारी बारीक वायर. ती पार्किंग लाइटवरून घेतली, म्हणजे चावी काढली की फॉग लाइट आपोआप बंद. हॉर्नलाही तसाच दुसरा रिले. चार्जर बॅटरीवरून काढून चावीनंतरच्या लाइनवर नेला. सामानाचे ७८० रुपये. मजुरी म्हणून काकांनी सगळ्यांना वर नेऊन कांदेपोहे खायला लावले.

विम्याचा प्रश्नही त्याच आठवड्यात आला. हँडल, लिव्हर, इंडिकेटर, लेगगार्ड, साइड पॅनेल मिळून ६,३०० रुपये झाले. प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापतात, तीन वर्षं उलटलेल्या गाडीच्या धातूच्या भागांवर पंचवीस टक्के, आणि क्लेम केला की ३५ टक्क्यांचा नो क्लेम बोनस जातो. शिवाय लाइट पॉलिसीत नोंदवलेले नव्हते. वायरिंगबद्दल विचारतील या धास्तीने छोट्याने क्लेमच केला नाही. मला ते पटलं नाही. निदान कळवून, विचारून मग सोडायला हवं होतं.

निष्पत्ती

दुरुस्तीनंतर तेच मोजमाप : फरक ०.१५ व्होल्ट, हँडल कुठेही वळवलं तरी तेवढाच. चावी काढल्यावर ४ मिलिअँपिअर. साडेतीन हजार आरपीएमला लाइट लावून १३.९. आयडलवर लाइट लावले तर अजूनही १२.६ वर येतो. कॉइल तीच आहे, तिच्याकडून जास्तीची अपेक्षा नाही. छोट्या आता सायनला लाइट बंद करतो आणि परतीला सायनच्या पुढे लावतो.

प्लास्टर पाच आठवडे होतं, तेवढे दिवस लोकलचा प्रवास, एका हाताने, सकाळच्या गर्दीत. त्यानंतरचा आणखी एक पावसाळा गाडीने काढला. एकदाही कट-कट नाही. काढून टाकलेलं जुनं आरआर युनिट आम्ही परत बसवून तपासलं, १४.१ देत होतं.

खर्चाचा हिशेब छोट्याने स्वतः मांडला. बॅटरी, आरआर, टेम्पो आणि पडझड मिळून १०,८५० रुपये. मूळ दुखण्याचा इलाज मल्टिमीटरसकट १,२३०. बुडालेले पगाराचे दिवस यात धरलेले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

दुकानात अर्धा तास थांबायला हवं होतं, हे उघड आहे. पण केवळ तेवढ्याने भागलं नसतं. रिले टाकूनही आयडलवरची तूट राहिलीच असती आणि जूनचा बिघाड झालाच असता. लाइट घ्यायच्या आधी गाडीला किती अँपिअर शिल्लक आहेत हे विचारायला हवं होतं. दुकानात हा आकडा मिळत नाही. क्लॅम्प मीटर असलेला ऑटो इलेक्ट्रिशियन पाच मिनिटांत काढून देतो.

बॅटरी किंवा आरआर बदलायला सांगणाऱ्याला, मग तो सर्व्हिस सेंटरचा असो की नाक्यावरचा, आधीचा आकडा कागदावर लिहून मागायचा. गाडी बंद असताना किती, चालू असताना किती, आणि फ्यूज बॉक्सवर किती. यातला तिसरा कुणी आपणहून मोजत नाही. दोन्ही ठिकाणी मीटर बॅटरीपाशीच थांबला.

घरात जाणकार माणूस असताना महिनाभर त्याला विचारलं गेलं नाही, याची खंत छोट्याला आहे. काकांना मीही वर्षानुवर्षं ओळखतो, मलाही ते सुचलं नव्हतं.

आणि २७ जुलैच्या रात्रीचं माझं उत्तर. आता ग्रुपमध्ये असं ठरलंय की राइडच्या आदल्या दिवशी कुणी गाडीची कसलीही तक्रार सांगितली तर ती गाडी येत नाही, माणूस मागे बसून येतो. रिफ्लेक्टर जॅकेट अंगावर, डिकीत नाही.

सप्टेंबरमध्ये आम्ही उरलेल्या आठही गाड्यांच्या टाक्या उचलून पाहिल्या. चार गाड्यांत अगदी त्याच जागी, मानेपाशी, पिळलेला जोड आणि काळी टेप सापडली. तिघांनी काकांच्या देखरेखीखाली काम करून घेतलं. चौथा म्हणतो, माझी तर सुरू होते ना. तो राइडला आला की निघायच्या आधी मी त्याला इग्निशन चालू करून हँडल डावीकडे पूर्ण वळवायला लावतो आणि मीटरच्या दिव्याकडे बघत उभा राहतो.